एकाहत्तर टक्क्यांवर अडलेल्या गाई

छापलेलं काहीही दिसलं की भिमाबाई जोगदंड ते वाचल्याशिवाय पुढे जात नसत. भजी ज्या कागदात यायची तो कागद आधी, भजी नंतर. खोकल्याच्या औषधाची बाटली, बियाण्याची पिशवी, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, लग्नपत्रिकेच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असलेला छापखान्याचा पत्ता. नवरा म्हणायचा, हिच्याबरोबर बाजाराला जाणं म्हणजे पाटी दिसेल तिथं उभं राहणं. ही खोड वडिलांची. त्यांना स्वतःला सही शिकायला वयाची चाळिशी उजाडली होती आणि ते मुलीला एकच गोष्ट सांगत आले. "वाचल्याबिगर सही करायची न्हाई. आपल्या मागच्या पिढ्या अंगठ्यानं बुडाल्या."

मुलगी बारावी झाली, लग्न होऊन उमापूरपासून चार किलोमीटरवरच्या वस्तीत आली, दोन लेकरं मोठी केली आणि चाळिसाव्या वर्षी रोज एसटीनं गेवराईला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आली. वर्गातली सगळी पोरं त्यांना मावशी म्हणत आणि परीक्षेत त्यांच्याच मागच्या खुर्चीसाठी भांडत. त्यानंतर गावच्या दूध संस्थेत सचिवाची जागा निघाली तेव्हा अर्ज तीन आले होते. मुलाखतीत चेअरमननी संस्थेचे उपविधी पुढे ठेवून विचारलं, हे वाचता येईल का? भिमाबाईंनी वाचायला सुरुवात केली. तेविसाव्या पानावर चेअरमनना झोप लागली आणि बाकीच्या संचालकांनी नेमणूक करून टाकली.

चेअरमन म्हणजे सर्जेराव आबा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना मान एकदम आणि सगळा लागायचा. संस्थेत कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी त्याला हार घातला, स्वतः घालून घेतला, आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की आजपासून संस्थेत कागद बंद. गावातल्या प्रत्येक गाई-म्हशीची नोंद आता ह्या पेटीत. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तीन बाजूंनी तीन फोटो, कधी रेतन करून भरवली, कधी गाभ न धरता उलटली, कधी व्यायली, सगळं. भिमाबाईंनी तीन वर्षांत अकराशे जनावरं त्या पेटीत घातली. रोज संध्याकाळी दूध गेल्यावर एका वेगळ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल काढून ठेवायची शिस्तही त्यांनीच लावली. सर्वसाधारण सभेत कोणी विचारलं, पेटी जळली तर? तर त्या उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "बॅकअप हाय." हा शब्द कोणाला कळला नव्हता, पण त्या ज्या सुरात म्हणाल्या त्यावरून लोकांना वाटलं, असणार.

२०१९ च्या एप्रिलात, एका बुधवारी, ती पेटी जळली. पाल आत शिरली आणि कुठल्यातरी दोन तारांवर एकदम पाय ठेवून गेली. पालीचं व्हायचं ते झालं. आतली डिस्कही तिच्याबरोबर गेली. गुरुवारी सकाळी गेवराईहून नवा कॉम्प्युटर आला, तो रिकामा.

एरवी लोकांनी आठ दिवस वाट पाहिली असती. पण त्याच गुरुवारी दुपारी तालुक्याच्या दूध संघाचा निरोप आला. शनिवारी सकाळी मुरघासाचा ट्रक येतोय. दुष्काळाचं दुसरं वर्ष, गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, जनावरं वाळलेलं उसाचं पाचट चघळून दिवस काढत होती. अशात मुरघास म्हणजे हिरवा मका, कापून, दाबून, हवाबंद पिशवीत मुरवलेला. मात्र अट होती. सहा महिन्यांच्या वर गाभण असलेल्या जनावरांनाच मिळेल, आणि सचिवाच्या सहीची, नोंदीवरून काढलेली यादी लागेल. यादी तयार नसेल तर ट्रक उभा राहणार नाही, पुढच्या गावाला जाईल.

निरोप गावात फिरला आणि संध्याकाळपर्यंत गावातली सगळी जनावरं गाभण झाली.

संस्थेच्या खिडकीशी रांग लागली. दूध मापणारा आश्रुबा पाटीवर नावं लिहून घेत होता. तो साठीला आलेला, कोरडा माणूस. रामकिसन तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं खडू खाली ठेवला.

"रामकिसन, तुजी तिसरी कोणची बे?"

"काळी."

"काळा म्हण. तो गोऱ्हा हाय."

"लांबून तसं वाटतं," रामकिसन म्हणाला. "लिही तू. नोंद कुठं हाय आता तपासायला?"

रात्र पडायच्या आत पाटीवर दोनशे बारा गाभण जनावरं झाली. ट्रकमध्ये पिशव्या होत्या साठ. भिमाबाईंना ठाऊक होतं की खऱ्या गाभण चाळीसच्या आसपास असतील, पण कोणत्या, हे अकराशेतून डोक्यात राहत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याकडे अडतीस गावं आणि दोन चारा छावण्या, ते मंगळवारशिवाय येऊ शकत नव्हते. गाभण तपासून त्यांनी दिलेल्या चिठ्ठ्या लोकांकडे असायला हव्या होत्या. रांगेतल्या छबुबाईची चिठ्ठी चुलीत गेली होती. बाकीच्यांच्याही गेल्याच असाव्यात, कारण चिठ्ठी निघाली की एक जनावर खरं ठरून पाटीवरची बाकीची खोटी ठरली असती, त्यात कोणाचाच फायदा नव्हता.

एकीचा सोडून. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या जाईबाईची एकच गाय, आठव्या महिन्यात, पोट तेवढं दिसायचं आणि बाकी हाडं. जाईबाई रांगेत आलीच नव्हती. भिमाबाई स्वतः विचारायला गेल्या तर म्हणाली, "मी कावून येऊ? तूच तर लिवलंय ना पेटीत, माज्यासमोर."

"लिवलंय, आत्या."

"मग झालं तर."

भिमाबाई परत आल्या त्या भराभर पावलं टाकत. कारण तोवर त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता आणि पेटीत काही आलं नव्हतं.

नक्कल परत उतरवून घ्यायचं काम असं होतं. डिस्क जोडायची, 'रिस्टोअर' म्हणायचं, कुठं ठेवायचं ते सांगायचं, आणि पडद्यावर हिरवी पट्टी सरकताना बघत बसायचं. पट्टी छान सरके. दहा टक्के, तीस, साठ. एकाहत्तरवर थबके. क्षणभर विचार केल्यासारखं करी आणि मग उलटी निघे. सत्तर, चाळीस, दहा, शून्य. शेवटी एक ओळ येई की काम झालं नाही, लॉग बघा. बस्स. फोल्डर उघडावं तर आत काहीच नाही. आलेलंही पुसून गेलेलं.

शुक्रवारी सकाळी तिसरा प्रयत्न झाला तेव्हा खिडकीला तीसेक माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना पट्टी पुढं जायला हवी होती आणि निम्म्यांना मागं, पण सगळे सारख्याच मन लावून बघत होते. एकाहत्तरला पट्टी थांबली तेव्हा कोणी श्वासही घेतला नाही. मग ती उलटी फिरली.

"घाट हाय तिथं," आश्रुबा म्हणाला. "चढंना."

सर्जेराव आबांनी निदान केलं की मशीनला ऊन लागतंय. त्यांनी घरचा कूलर मागवला आणि कॉम्प्युटरपुढे लावला. चौथा प्रयत्न गार हवेत झाला. एकाहत्तर. कूलर मात्र आबांनी परत नेला नाही. त्याच्यापुढे खुर्ची टाकून ते स्वतःच बसले.

कॉम्प्युटर बसवून देणारा निवृत्ती गेवराईचा, पण तो अंबाजोगाईला मेव्हण्याच्या लग्नात होता. फोनवर त्याच्यापेक्षा बँड जास्त ऐकू येत होता.

"मावशी, डिस्क खराब झाली असंल," तो म्हणाला. "लग्न उरकून बघतो. सोमवारी."

"सोमवारी ट्रक यायचा न्हाई, निवृत्ती. ते लॉग बघा म्हणतंय. लॉग म्हणजे काय?"

"ते काय न्हाई, मशीन काय काय करतंय त्याची टिपणं ठेवतंय. कुणी वाचत नसतं."

"किती असतं?"

"आत्ता चार ओळी दिसतील. सेटिंगमध्ये जाऊन पातळी वाढवायची, शेवटची, डीबग म्हणून. मग बारीकसारीक सगळं लिवतं. पण मावशी, हजारानं ओळी येत्यात. वेड लागंल."

"मग इतके दिवस गप कावून बसलं होतं ते?"

"कुणी विचारलंच न्हाई त्याला," निवृत्ती म्हणाला, आणि कोणीतरी त्याला नाचायला ओढून नेलं.

भिमाबाईंनी पातळी वाढवली, पाचवा प्रयत्न केला, आणि तो ठरल्या जागी फसल्यावर लॉग उघडला. चौदा हजार एकोणसत्तर ओळी.

निवृत्तीनं दुसऱ्या फोनमध्ये युक्ती सांगितली होती की 'एरर' हा शब्द शोधायचा. शोधला. पहिलाच सापडला तो तारखेचा. नव्या कॉम्प्युटरचं घड्याळ २०११ सालात होतं. भिमाबाईंना हायसं वाटलं. गाई जन्मायच्या आधीची तारीख असेल तर मशीन बिचारं गोंधळणारच. घड्याळ लावलं. सहावा प्रयत्न. एकाहत्तर. नव्या लॉगमध्ये दुसरा एरर प्रिंटर जोडला नसल्याचा होता. प्रिंटर जोडला. एकाहत्तर. आश्रुबानं ह्या वेळी वर बघितलंसुद्धा नाही.

मग शेवटच्या ओळी बघितल्या, कारण भांडण कशावरून झालं हे शेवटी कळतं असा आपला समज असतो. शेवटी दोन हजार तीनशे ओळी एकाच शब्दाच्या होत्या: डिलीट, डिलीट, डिलीट. म्हणजे मशीन नुसतं रडत होतं. मार कधी बसला ते त्याच्या बरंच आधी कुठंतरी होतं.

दुपारचे दोन वाजले. ऊन असं पडलं होतं की आबा कूलरसमोर घोरत होते, कुत्री दुधाच्या रिकाम्या कॅनच्या सावलीत शिरली होती, आणि खिडकीतली माणसं 'जेवून येतो' म्हणून गेलेली परत आली नव्हती. भिमाबाईंनी पदर डोक्यावरून कानामागं घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसल्या.

त्यांचं इंग्रजी संथ होतं. पण शंभरेक ओळींत त्यांच्या लक्षात आलं की इथं इंग्रजी थोडंच आहे. प्रत्येक फोटोमागे त्याच पाच ओळी येत होत्या. ओपन, रीड, व्हेरिफाय, राइट, क्लोज. उघडला, वाचला, पडताळला, लिहिला, मिटला. मग पुढचा फोटो, पुन्हा पाच. थोड्या वेळानं त्या शब्द वाचेनाशा झाल्या. ओठांतल्या ओठांत नुसता ताल धरून खाली सरकू लागल्या. आणि मधल्या नावांतून गाव जाऊ लागलं. आसारामची शिंगमोडी. छबुबाईची तांबडी, जी मागच्या वर्षी विकली गेली आणि छबुबाई दोन दिवस जेवली नव्हती. जाईबाईची गाय, समोरून, डावीकडून, उजवीकडून. उघडली, वाचली, पडताळली, लिहिली, मिटली. म्हणजे ती आली होती. ह्याच मशीनमध्ये, काल आणि आज मिळून सात वेळा जाईबाईची गाय धडपणे येऊन पोचली होती आणि सात वेळा तिला हाकलून दिलं होतं. भिमाबाई तिथं जरा थांबल्या. मग ताल पुन्हा धरला.

धोंडीराम गेला, बायनाबाई गेली, मग 'भ', मग 'म'. साडेतीनच्या सुमारास ताल चुकला.

उघडला, वाचला, पडताळला. आणि चौथ्या ओळीत 'राइट'च्या पुढे भलतंच काही. एरर शब्द नव्हताच. मशीननं अतिशय सौम्यपणे लिहिलं होतं की जागेचं नाव फार लांब आहे. दोनशे साठ अक्षरांपर्यंत चालतं, हे दोनशे एक्क्याण्णव आहे. त्यापुढच्या ओळीपासून डिलीट सुरू.

भिमाबाईंनी ते नाव वाचलं आणि मागं वळून कूलरकडे बघितलं.

बाकी सगळ्या सभासदांची फोल्डरं साध्या नावाची होती. एकच फोल्डर वेगळं होतं. उद्घाटनाच्या दिवशी हार गळ्यात असतानाच आबांनी ते स्वतः सांगून टाइप करवून घेतलं होतं. 'मा. श्री. सर्जेराव निवृत्तीराव, विद्यमान चेअरमन, माजी उपसरपंच, अध्यक्ष तंटामुक्त गाव समिती, मार्गदर्शक गणेश मंडळ'. आत गाईचा फोटो होता आणि फोटोलाही नाव तेच, फक्त शेवटी 'यांची गाय, उजवी बाजू'.

साडेपाचला दूध घालायला लोक जमले, आबा उठले, आणि खिडकी पुन्हा भरली.

"काय सापडलं का?" आबांनी विचारलं.

"एका ठिकाणी नाव लांब झालंय, आबा. एकतीस अक्षरं जास्त. तिथं अडतंय आणि मग सगळंच मागं घेतंय."

"कुणाचं नाव?"

भिमाबाई खुर्चीसकट जरा बाजूला सरकल्या. आश्रुबानं पडद्याजवळ डोळे नेऊन सावकाश वाचलं आणि म्हणाला, "घाट सापडला."

खिडकीत हसू फुटलं ते खोकल्यावर निभावलं. आबा लालबुंद झाले. मग गंभीर झाले. गावाच्या हिताचा प्रश्न होता.

"कमी करा मग," ते म्हणाले. "मार्गदर्शक काढा. मंडळ तसंबी बंद पडलंय."

"सोळा-सतरा हुतील," आश्रुबा बोटांवर मोजत म्हणाला. "अजून लागतील."

"तंटामुक्त काढा."

"त्ये खरंच काढा," रामकिसन खिडकीतून म्हणाला. "तुमचाच बांधाचा तंटा चालू हाय."

"माजी उपसरपंच मातर ऱ्हाऊ द्या," आबा हळू आवाजात म्हणाले. "त्ये मी निवडून आलतो."

खरं तर भिमाबाईंनी एव्हाना बोलायला हवं होतं. कारण नकलेतलं नाव असं कापता येत नाही. जे तेव्हा लिहिलं ते लिहिलं. आणि दुसरं म्हणजे त्यांनी चार वाजता कागदावर ते सगळं अक्षर-अक्षर उतरवून मोजलं होतं. मशीन काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी, अनुस्वारसुद्धा सोडत नाही, आणि फोटो ज्या ज्या फोल्डरमध्ये आहे त्यांची नावंही त्याला जोडून मोजतं. जुन्या कॉम्प्युटरवर आबांच्या नावासकट सगळं मर्यादेत बसत होतं, कारण तिथं ते नुसत्या 'गाई' नावाच्या फोल्डरमध्ये होतं. नव्या कॉम्प्युटरवर भिमाबाईंनी त्यासाठी नवं फोल्डर केलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं, 'पाल अडकून नष्ट झालेली व बॅकअपमधून परत आणलेली संपूर्ण माहिती'. जे लिहायचं ते पूर्ण लिहावं, अर्धवट लिहू नये, अशी त्यांची समजूत. ती अक्षरं पन्नासच्या वर होती.

हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी आबांचं मंडळ आणि तंटामुक्ती जाईपर्यंत त्या गप्प बसल्या. तेवढं त्यांना माफ असावं.

"आबा," मग त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं ऱ्हाऊ द्या. चूक माझ्या नावाची हाय. मीच लांबलचक लिवलं. माझं कापते."

आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं निवडणुकीत अर्ज मागं घेणाऱ्या विरोधी उमेदवाराकडे बघावं. भिमाबाईंनी नवं फोल्डर केलं, त्याला नुसतं 'गाई' म्हटलं, आणि बटण दाबलं.

दूध मापणं थांबलं. साठ. सत्तर. एकाहत्तरला पट्टी आली, थबकली, आणि आश्रुबानं बैलाला देतात तसा जिभेनं टॉक् आवाज केला. बहात्तर. त्र्याहत्तर. पुढचं सगळं इतकं सरळ झालं की बघणाऱ्यांचा थोडा हिरमोडच झाला. शंभर झाले तेव्हा रामकिसन निमूटपणे पाटीजवळ गेला आणि आपलं तिसरं नाव तळव्यानं पुसून आला. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. पाटीवर पांढरा धुरळा राहिला.

यादी छापून निघाली ती एका कागदावर, एकोणचाळीस नावांची. भिमाबाईंनी ती वरून खाली वाचली, बिल्ल्याचे नंबर जुळवले, मग सही केली.

शनिवारी ट्रक आला तेव्हा यादी वाचायचा मान अर्थातच चेअरमनचा होता. भिमाबाईंनी त्यांना कागद देताना हळूच सांगायचा प्रयत्न केला, "आबा, एकदा मनात वाचून घेता का?" पण आबा ट्रकच्या फळीवर चढलेही होते. आपली गाय आठव्या महिन्यात असल्याचं त्यांनी गुरुवारपासून येईल त्याला सांगितलं होतं. नोंद असं सांगत होती की गाय तीनदा भरवली आणि तिन्हीदा उलटली.

आबा खणखणीत आवाजात वाचू लागले. नाव झालं की माणूस पुढं यायचा, पिशवी खाली यायची. जाईबाईचं नाव अकरावं होतं. ती गाय घेऊनच आली होती, बहुधा कोणाला शंका नको म्हणून. पिशवीचं तोंड तिनं तिथंच सोडलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबलंय की गं हे, भिमा."

"तसंच असतं ते, आत्या. मुरवलेलं."

"मुरवलेलं," जाईबाई अविश्वासानं म्हणाली. गाईनं मात्र विचारलं नाही. पिशवीत तोंड खुपसलं ते कानांपर्यंत.

'भ'ची नावं झाली. 'म' आला, 'मा. श्री.'चा. मंजुळाबाई, मुक्ताबाई. त्यापुढे आबा थांबले. खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं, आणि एकदम 'र' सुरू केला. आवाज तितकाच खणखणीत होता, फक्त जरा भरभर. एकोणचाळिसावं नाव वाचून झालं. लोक वाट बघत उभे होते.

आबांनी कागद उलटा केला. मागे कोरं होतं. ते त्यांनी बराच वेळ वाचलं.

"माझं नाव घालू नका म्हणून मीच सांगितलं," ते फळीवरून म्हणाले. "गोरगरिबांचा माल हाय."

"बरोबर हाय," आश्रुबा खालून म्हणाला. त्यानं हात पुढे केला आणि आबांना ट्रकवरून खाली उतरवून घेतलं.